मुद्दल आणि मोल: चक्रवाढ व्याज आणि रसायनातली गणिते, पायरीपायरीने

राज्य मंडळाच्या पुस्तकांत आठवीला चक्रवाढ व्याज भेटते आणि नववीला मोल. विषय वेगळे, तास वेगळे, शिक्षकही बहुधा वेगळे. त्यामुळे या दोन्ही प्रकरणांत मुले एकाच खड्ड्यात पडतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. सूत्र बरोबर लिहिलेले असते, गुणाकारही बरोबर असतो आणि उत्तर चुकते. ‘शेकडा ८’ वाचले, पण शंभर कशाचे आणि किती काळात, हे विचारले नाही. ‘३२ ग्रॅम’ वाचले, पण त्यात कण किती, हे पाहिले नाही.

पुढचे आकडे नुसते वाचू नका. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

सूत्राआधी तीन वर्षे हाताने

द.सा.द.शे. ८ म्हणजे दर साल दर शेकडा आठ: प्रत्येक वर्षी, प्रत्येक शंभर रुपयांमागे आठ रुपये. मुद्दल २०,००० रुपये आणि मुदत ३ वर्षे धरू.

पहिल्या वर्षाचे व्याज २०,००० च्या शेकडा ८, म्हणजे १,६०० रुपये. वर्षअखेरीस रास २१,६०० रुपये.

दुसऱ्या वर्षी मुद्दल २१,६०० झाले. व्याज १,७२८, रास २३,३२८.

तिसऱ्या वर्षी मुद्दल २३,३२८. व्याज १,८६६.२४, रास २५,१९४.२४.

एकूण चक्रवाढ व्याज ५,१९४.२४ रुपये. सरळव्याज काढले असते तर दर वर्षी तेच १,६००, म्हणजे ४,८०० रुपये. फरक ३९४.२४ रुपयांचा. हा फरक नेमका कुठून आला ते एकदा शोधून पाहा, कारण अख्खे प्रकरण तिथेच आहे. पहिल्या वर्षाच्या १,६०० रुपये व्याजाने दुसऱ्या वर्षी स्वतः १२८ रुपये कमावले. तिसऱ्या वर्षी आधीच्या दोन वर्षांचे ३,३२८ रुपये व्याज कामाला लागले, त्याचे शेकडा ८ म्हणजे २६६.२४. १२८ आणि २६६.२४ मिळून ३९४.२४. पैसा कुठूनही उपटलेला नाही. व्याजावर व्याज चढले, एवढेच.

दर वर्षी रास १.०८ पट होते. तीन वर्षांत १.०८ × १.०८ × १.०८, म्हणजे १.२५९७१२ पट. त्याला २०,००० ने गुणले की २५,१९४.२४. सूत्र म्हणजे हीच गोष्ट थोडक्यात लिहिलेली:

रास = मुद्दल × (१ + दर ÷ १००), आणि कंसातली संख्या कालावधीच्या संख्येइतक्या वेळा गुणायची.

साध्या कॅल्क्युलेटरवर १.०८ टाकून गुणिले दाबा आणि मग बरोबरचे बटण दाबत राहा. एकदा दाबले की वर्ग (१.१६६४), दुसऱ्यांदा दाबले की घन. काही यंत्रांवर गुणिलेचे बटण दोनदा दाबावे लागते. आपले यंत्र कसे वागते ते आधी २ चा घन काढून तपासा. ८ आले पाहिजेत.

सूत्रातून मिळते ती रास. प्रश्नात व्याज विचारले असेल तर मुद्दल वजा करायचे राहते, आणि या एका वजाबाकीपायी जितके गुण जातात तितके दुसऱ्या कशानेही जात नसतील.

‘वर्ष’ हा शब्द तपासा

मघाच्या सूत्रात मी ‘वर्षे’ न म्हणता ‘कालावधीची संख्या’ म्हटले आहे. व्याज मुद्दलात कधी मिळवले जाते, तो एक कालावधी. सहामाही आकारणी असेल तर दर निम्मा आणि कालावधी दुप्पट. तिमाही असेल तर दर पाव आणि कालावधी चौपट. दोन्ही एकदम बदलायचे. एक बदलून दुसरे विसरणे ही नेहमीची चूक.

बँकांच्या मुदत ठेवींवर, व्याज मध्येच काढून घेतले नाही तर, साधारणपणे तिमाही चक्रवाढ मिळते. १ लाख रुपये, दर ७, मुदत २ वर्षे घेऊ. तिमाहीचा दर १.७५ आणि तिमाही ८. १.०१७५ चा आठवा घात काढताना आठ वेळा गुणण्याची गरज नाही. वर्ग करा: १.०३५३०६२५. त्याचा वर्ग: १.०७१८५९. पुन्हा वर्ग: १.१४८८८२. रास १,१४,८८८.१८ रुपये. हीच ठेव वार्षिक चक्रवाढीने १,१४,४९० झाली असती. मधली १.०७१८५९ ही संख्या चार तिमाहींची, म्हणजे एका वर्षाची. तेव्हा ७ टक्के म्हणून जाहीर झालेला दर प्रत्यक्षात वर्षाला ७.१९ टक्के पडतो. ठेवीच्या जाहिरातीत दोन वेगवेगळे टक्के छापलेले दिसतात त्यामागे बहुधा हेच असते.

मधल्या पायरीत पूर्णांक करू नका. १.०१७५ ऐवजी सोयीसाठी १.०२ घेतले तर रास १,१७,१६५.९४ येते, म्हणजे सुमारे २,२७८ रुपयांची चूक. दशांश शेवटपर्यंत सांभाळा आणि पैशांपर्यंतचे पूर्णांकन अगदी शेवटी एकदाच करा.

मुदत अडीच वर्षे आणि आकारणी वार्षिक असेल तर? शाळेतली रीत अशी: दोन पूर्ण वर्षांची चक्रवाढ रास काढा आणि उरलेल्या अर्ध्या वर्षाचे त्या राशीवर सरळव्याज मिळवा. १०,००० रुपये, दर १०: दोन वर्षांनी १२,१००, त्यावर सहा महिन्यांचे शेकडा ५ म्हणजे ६०५, एकूण १२,७०५.

व्याज हातात पडले की चक्रवाढ थांबते, हेही लक्षात असू द्या. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत व्याज दर महिन्याला खात्यावर मिळते, म्हणून मूळ ठेव तेवढीच राहते आणि तिथे सरळव्याजाचा हिशेब. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात व्याज आतच राहते आणि मुदतीअंती एकदम मिळते, म्हणून तिथे चक्रवाढ.

आता परीक्षेत न येणारी, पण घरात उपयोगी पडणारी गोष्ट. बँकेतले ‘१२ टक्के’ वर्षाचे असतात. सावकारीतले ‘तीन टक्के’ महिन्याचे असतात. ‘शेकडा तीनने पैसे उचलले’ असे कुणी म्हटले तर सरळव्याजानेच ते वर्षाला ३६ टक्के झाले. व्याज थकवून दर महिन्याला मुद्दलात चढवत गेले तर १.०३ चा बारावा घात, म्हणजे १.४२५८. दहा हजारांचे वर्षात १४,२५७ रुपये ६१ पैसे. शब्द तोच, ‘टक्के’. काळाचे एकक मात्र कुणी उच्चारत नाही.

रक्कम दुप्पट व्हायला किती वेळ लागेल याचा ठोकताळा ७२ चा. ७२ ला दराने भागा. ८ दराने ९ वर्षे. खरे गणित केले तर १.०८ चा नववा घात १.९९९ येतो, जवळजवळ नेमके. १२ दराने ६ वर्षे, तेव्हा १.९७४ पट. दर वाढत गेला की ठोकताळा ढिला पडतो: ३६ दराने २ वर्षांत दुप्पट व्हायला हवे, प्रत्यक्षात १.८५ पटच होते. महिन्याला ३ टक्के असेल तर ७२ ÷ ३ म्हणजे २४ महिने, आणि १.०३ चा चोविसावा घात २.०३, तेव्हा दोन वर्षांत दामदुप्पट. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम आहे: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. चढ्या दराला हा बांध किती लवकर गाठता येतो ते या भागाकारावरून दिसते.

घट, आणि तिथून रसायनाकडे

वाढीच्या जागी घट आली की कंसात अधिकऐवजी वजा. ९०,००० रुपयांच्या स्कूटरची किंमत दर वर्षी २० टक्क्यांनी घटते. तीन वर्षांनी? ०.८ चा घन ०.५१२, म्हणून ४६,०८० रुपये. वीस-वीस-वीस मिळून साठ टक्के घट धरणारा ३६,००० लिहितो. दुसऱ्या वर्षीचे २० टक्के ९०,००० चे नाहीत, ७२,००० चे आहेत. पुन्हा तोच प्रश्न: शेकडा कशाचा?

किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुष्यकाल, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, ही घसाऱ्याचीच जुळी बहीण. थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल सुमारे ८ दिवस. म्हणजे एक कालावधी ८ दिवसांचा आणि दर कालावधीला गुणक ०.५. चोवीस दिवसांत तीन कालावधी, शिल्लक ०.५ चा घन, म्हणजे एक अष्टमांश. कार्बन-१४ साठी हाच कालावधी ५,७३० वर्षांचा, पायऱ्या त्याच.

इथे एक मोहक चूक होते. आठ दिवसांत ५० टक्के जाते, म्हणून दिवसाला ५० ÷ ८, म्हणजे ६.२५ टक्के जात असणार, असे वाटते. तसे असते तर सोळाव्या दिवशी काहीच उरले नसते. प्रत्यक्षात सोळाव्या दिवशी पाव भाग असतो. रोजचा गुणक अशी संख्या हवी की ती आठ वेळा स्वतःशी गुणली की ०.५ यावी. ती आहे ०.९१७. तेव्हा रोज त्या दिवशी असलेल्या साठ्याच्या सुमारे ८.३ टक्के कमी होते. ७ टक्क्यांचे ७.१९ झाले होते तो हिशेब आणि हा हिशेब एकच; दिशा तेवढी उलटी.

सूत्र लिहिणे: संयुजा

मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण यांच्या व्याख्या पाठ असतातच, म्हणून एवढेच: मिश्रणात प्रमाण तुम्ही ठरवता, संयुगात ते ठरलेले असते. साखरपाणी हवे तितके गोड करता येते. पाण्यात मात्र वजनाने १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन, मग ते नळाचे असो की पावसाचे. प्रमाण ठरलेले असते म्हणूनच पुढची सगळी गणिते करता येतात.

ते प्रमाण संयुजेवरून, म्हणजे अणूच्या इतरांशी जोडले जाण्याच्या क्षमतेवरून, ठरते. सोडिअम, पोटॅशिअम, हायड्रोजन, क्लोरीन यांची संयुजा १, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ऑक्सिजन यांची २, अ‍ॅल्युमिनिअमची ३. मूलकांमध्ये, म्हणजे एकत्रच वागणाऱ्या अणुगटांमध्ये, नायट्रेट, हायड्रॉक्साइड, बायकार्बोनेट १, कार्बोनेट, सल्फेट २, फॉस्फेट ३. एवढ्या यादीवर दहावीपर्यंतची बहुतेक सूत्रे निघतात.

संयुजांची तिरपी अदलाबदल करा. अ‍ॅल्युमिनिअम ३ आणि ऑक्सिजन २, म्हणून अ‍ॅल्युमिनिअमचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३. कॅल्शिअम २ आणि फॉस्फेट ३, म्हणून कॅल्शिअमचे ३ आणि फॉस्फेटचे २. फॉस्फेटला कंस हवाच. कंस गाळला तर तो २ एकट्या ऑक्सिजनच्या आकड्याला चिकटतो आणि सूत्र भलतेच होते. कॅल्शिअम ऑक्साइडमध्ये अदलाबदल केल्यावर २ आणि २ येतात, तिथे संक्षेप देऊन १ आणि १ लिहायचे.

समीकरण संतुलित करणे

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू. पूर्ण जळाल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते.

१. दोन्ही बाजूंच्या अणूंची मोजणी मांडा. डावीकडे कार्बन ३, हायड्रोजन ८, ऑक्सिजन २. उजवीकडे, दोन्ही पदार्थांचा एकेक रेणू धरला तर, कार्बन १, हायड्रोजन २, ऑक्सिजन ३.

२. आधी कार्बन. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू घ्या.

३. मग हायड्रोजन. डावीकडे ८ आहेत, पाण्याच्या रेणूत २, म्हणून पाण्याचे ४ रेणू.

४. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण डावीकडे तो एकटा, सुटा आहे. त्याची संख्या बदलल्याने दुसरे काही बिघडत नाही. उजवीकडे आता ३ × २ + ४ = १० अणू. डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

ब्युटेनमध्ये (कार्बन ४, हायड्रोजन १०) याच क्रमाने गेलात तर कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ५ आणि ऑक्सिजनचे अणू १३ येतात. तेरा म्हणजे साडेसहा रेणू. घाबरू नका, सगळे समीकरण दुप्पट करा:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

जमत नसले की मुले सूत्रातले खालचे छोटे आकडे बदलतात. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घातला की हिशेब जुळल्यासारखा दिसतो खरा, पण ते पाणी राहिले नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झाले. हात लावायचा तो फक्त सूत्राआधीच्या मोठ्या आकड्याला. आणि हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्ये सुटी असताना जोडीनेच लिहायची.

मोल

मराठीत मोल म्हणजे किंमत. हा मोल वेगळा. तो डझनासारखा मोजदादीचा शब्द आहे. डझन म्हणजे १२, मोल म्हणजे ६.०२२ × १० चा तेविसावा घात इतके कण. २० मे २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच ६.०२२१४०७६ × १० चा तेविसावा घात अशी निश्चित झाली आहे, शाळेत ६.०२२ पुरे.

डझनभर लिंबे आणि डझनभर नारळ यांची संख्या सारखी, वजन वेगळे. तसेच १ मोल पाणी १८ ग्रॅम, १ मोल मीठ ५८.५ ग्रॅम, १ मोल साखर ३४२ ग्रॅम. हे आकडे अणुवस्तुमानांच्या बेरजेतून येतात: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडिअम २३, मॅग्नेशिअम २४, फॉस्फरस ३१, क्लोरीन ३५.५, कॅल्शिअम ४०. साखरेत कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११ अणू: १४४ + २२ + १७६ = ३४२.

ऑक्सिजन वायूचा मोल ३२ ग्रॅमचा, १६ चा नव्हे, कारण रेणूत दोन अणू. १६ हे एका मोल अणूंचे वजन. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ असे मोघम लिहू नका, ‘रेणूंचा’ की ‘अणूंचा’ ते लिहा. ही सवय लागली की या प्रकरणातल्या निम्म्या चुका आपोआप जातात.

रासायनिक समीकरण बोलते ते कणांच्या भाषेत. तराजू बोलतो ग्रॅमच्या. म्हणून प्रत्येक गणिताची वाट एकच: ग्रॅम → मोल → समीकरणातले प्रमाण → दुसऱ्या पदार्थाचे मोल → ग्रॅम. आडवाटेने थेट ग्रॅमवरून ग्रॅमवर उडी मारली की पाय मोडतो.

ही वाट घरच्या सिलिंडरवर चालून पाहू. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सगळा ब्युटेन आहे असे धरू. ब्युटेनचा मोल ४८ + १० = ५८ ग्रॅम. १४,२०० ÷ ५८ = २४४.८ मोल. समीकरणात २ ब्युटेनला ८ कार्बन डायऑक्साइड, म्हणजे चौपट: ९७९.३ मोल. कार्बन डायऑक्साइडचा मोल ४४ ग्रॅम, तेव्हा सुमारे ४३.१ किलो.

१४ किलो गॅसमधून ४३ किलो वायू? इथे बरेचजण स्वतःचेच बरोबर उत्तर खोडतात. अख्खा हिशेब मांडला की शंका फिटते. जळताना हवेतून ५०.९ किलो ऑक्सिजन घेतला गेला आणि २२ किलो पाणी वाफ होऊन गेले. आत आले १४.२ + ५०.९ = ६५.१, बाहेर गेले ४३.१ + २२ = ६५.१. द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणजे हाच ताळा. सगळा प्रोपेन धरला तर कार्बन डायऑक्साइड ४२.६ किलो येतो, म्हणजे मिश्रण कोणतेही असले तरी उत्तर या दोहोंच्या मधेच. बंद खोलीत गॅस गिझर लावणे जिवावर का बेतते, ते त्या ५०.९ किलोच्या आकड्यात दिसते: ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते, आणि तो अपुरा पडला की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

खताच्या पोत्यावरचे टक्के

शेतीघरातल्या मुलांसाठी यापेक्षा चांगला धडा नाही. युरियाच्या रेणूत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४: १२ + १६ + २८ + ४ = ६०. नायट्रोजन २८ ÷ ६०, म्हणजे शेकडा ४६.७. पोत्यावर ४६ छापलेले असते. ४५ किलोच्या पोत्यात साधारण २०.७ किलो नायट्रोजन.

डीएपी (डायअमोनिअम फॉस्फेट) खताच्या पोत्यावर असते १८:४६. यातला १८ हा नायट्रोजन. ४६ मात्र फॉस्फरस नव्हे. तो आहे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेला आकडा. पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस २ अणू आणि ऑक्सिजन ५: ६२ + ८० = १४२. त्यात फॉस्फरस ६२. म्हणून ४६ × ६२ ÷ १४२, म्हणजे खरा फॉस्फरस शेकडा २० च्या आसपास. ५० किलोच्या पोत्यात २३ नव्हे, १० किलो. माती परीक्षणाच्या अहवालातला स्फुरद आणि पोत्यावरचा आकडा जोडण्याआधी दोन्ही एकाच रूपात आहेत का ते पाहावेच लागते.

मोरचुदाचेही तसेच. निळ्या स्फटिकांमध्ये कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे ५ रेणू अडकलेले असतात. त्या स्फटिकांचा मोल २४९.५ ग्रॅम, पाणी काढलेल्या पांढऱ्या भुकटीचा १५९.५. बाटलीवरचे नाव न वाचता १५९.५ घेऊन द्रावण केले तर ते बरेच पातळ होते. द्रावण करताना १ लिटर पाण्यात पदार्थ घालायचा नसतो. पदार्थ थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण आकारमान १ लिटरच्या खुणेपर्यंत आणायचे असते. आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडा, आम्लात पाणी कधीच नाही. निघणारी उष्णता वरचे पाणी उकळवून आम्लासकट अंगावर उडवते.

कमी पडणारा पदार्थ

हा प्रयोग घरी करता येतो. व्हिनेगर १०० ग्रॅम, त्यात अ‍ॅसेटिक आम्ल शेकडा ५ (बाटलीवर ४ लिहिले असेल तर ४ घ्या). खाण्याचा सोडा २० ग्रॅम. समीकरण एकास एक: सोड्याच्या एका मोलला आम्लाचा एक मोल, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक मोल.

आम्ल ५ ग्रॅम ÷ ६० = ०.०८३३ मोल. सोडा २० ÷ ८४ = ०.२३८ मोल. आम्ल आधी संपणार. तेव्हा लागणारा सोडा ०.०८३३ × ८४ = ७ ग्रॅम, आणि उरलेला १३ ग्रॅम तसाच तळाशी किंवा विरघळून राहणार. वायू मिळेल ०.०८३३ मोल, ३.७ ग्रॅम. खोलीच्या तापमानाला वायूचा मोल साधारण २४ लिटर व्यापतो, म्हणून सुमारे २ लिटर. पुस्तकातले २२.४ लिटर शून्य अंश सेल्सिअसचे आहेत. पुण्या-नागपुराच्या उन्हात ते लावू नका.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करा. फुगा दोन लिटरचा होणार नाही, कारण थोडा वायू पाण्यातच विरघळतो आणि फुग्याचे रबर उलट दाब देते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बाटली उघडी ठेवून केले तर वजन तीन-साडेतीन ग्रॅमने कमी झालेले दिसेल. वस्तुमान नाहीसे झाले असे नाही, वायू निघून गेला. बाटलीचे बूच मात्र घट्ट लावू नका, फुटेल.

‘कोणता पदार्थ आधी संपेल’ हे ग्रॅम पाहून ठरवू नका, आणि नुसते मोल पाहूनही नाही. प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा. ज्याचे उत्तर लहान, तो आधी संपतो.

स्वतः करून पाहा

१. मुद्दल १५,०००, दर १०, सहामाही चक्रवाढ, मुदत दीड वर्ष. दर ५, कालावधी ३. १.०५ चा घन १.१५७६२५, रास १७,३६४.३८ रुपये. तुमचे उत्तर १७,३२५ आले असेल तर तुम्ही आकारणी वार्षिक धरून शेवटच्या सहामाहीला सरळव्याज लावले.

२. २५ ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण तापवली. चुनखडीचा मोल ४० + १२ + ४८ = १००, म्हणून ०.२५ मोल. कळीचा चुना ०.२५ × ५६ = १४ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ११ ग्रॅम. चुनखडी शेकडा ९० शुद्ध असती तर दोन्ही उत्तरे ०.९ पट: १२.६ आणि ९.९.

३. आयोडीन-१३१ चा साठा ३२ दिवसांनी किती? कालावधी ४, शिल्लक एक सोळांश, ६.२५ टक्के. शून्य आले असेल तर वर स्कूटरकडे पुन्हा जा.

४. ४.८ ग्रॅम मॅग्नेशिअम आणि ४.८ ग्रॅम ऑक्सिजन. मॅग्नेशिअम ०.२ मोल, ऑक्सिजनचे रेणू ०.१५ मोल. समीकरण: २ मॅग्नेशिअम + १ ऑक्सिजन → २ मॅग्नेशिअम ऑक्साइड. मोल पाहून ऑक्सिजन कमी वाटतो, पण भागून पाहा: ०.२ ÷ २ = ०.१ आणि ०.१५ ÷ १ = ०.१५. मॅग्नेशिअम आधी संपते. ऑक्साइड ०.२ × ४० = ८ ग्रॅम, उरलेला ऑक्सिजन ०.०५ × ३२ = १.६ ग्रॅम. ताळा: ८ + १.६ = ९.६, सुरुवातीचे ४.८ + ४.८ = ९.६.